न मोजलेलं झाड

वळवाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी मलकापुरात आंबा घाटाकडून वारा येतो. त्याला ओल्या तांबड्या मातीचा, कुजल्या पानांचा, कुठल्याशा जाळीत पिकलेल्या करवंदांचा वास असतो, आणि त्या वासामागोमाग मला दरवर्षी एक काड्यापेटी आठवते. काड्या चुलीपाशी ओतून रिकामी केलेली, कानाशी धरली की आत खुसखुसणारी, जरा सरकवली की फटीतून हिरवट उजेड सांडणारी. आत सात काजवे होते. अख्खं रान खिशात घातल्यासारखा मी घरभर मिरवत होतो.

आज्जी रागावली नाही. तिने मला जवळ बसवून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"रातच्याला वनदेवी झाडं मोजाया निघती, त्येंच्याच उजेडात. एक दिवा कमी पडला, तर एक झाड मोजायचं ऱ्हातंय. आन् न मोजलेलं झाड कुऱ्हाडीला घावतंय."

परसातल्या जांभळाखाली मी पेटी उघडली. सहा उडाले. सातवा बोटावरच बसून राहिला, विझत, उजळत, पुन्हा विझत. कंदिलाच्या काचेला बोट लागलं तरी चटका बसायचा. हा दिवा मात्र बोटावर बसूनही गारच.

मग तोही गेला.

पुढे पुस्तकांतून कळलं, की काजव्याच्या पोटातलं एक द्रव्य प्राणवायूशी मिळून उजळतं आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. की हे लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. की पंखांचे हे थोडेसे दिवस लाभण्याआधी तो कितीतरी महिने अळी होऊन पालापाचोळ्यात गोगलगाई खात जगलेला असतो. हे सगळं मनात रुजलं. आज्जीने जमीन आधीच भिजवून ठेवली होती.

देवराईसुद्धा अशी गोष्टीवरच तगलेली. देवाच्या रानातली वाळकी काटकीही घरी आणायची नाही, एवढं सांगून पिढ्यांनी झाडं राखली. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत हिंडले, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडत असताना या गोष्टींच्या सावलीत जुनं रान उभं होतं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, आमच्या शेजारचं चांदोलीही त्यात आलं. पण 'वारसा' म्हटल्यावर मुलं नुसती मान डोलावतात. गोष्ट म्हटल्यावर ती सरकून जवळ बसतात.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत काही मुलांना घेऊन मी आंब्याला गेलो. आंबेश्वराच्या देवराईत, उन्हं कलताना, एकेकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेका झाडापाशी नेऊन उभं केलं. हात लावा, गाल टेका, वास घ्या. मग चार गिरक्या, रुमाल सोडायचा आणि आपलं झाड ओळखायचं. पहिल्यांदा खिदळणं झालं, ढकलाढकली झाली. आणि मग हळूहळू, सालीच्या खरबरीत भेगांतून, शेवाळाच्या ओलाव्यातून, बोटावर चढून आलेल्या एखाद्या मुंगीतून, त्या गलक्यात एक शांतता उतरत गेली. एक मुलगी खोडाखोडाशी जाऊन चाचपत होती. एका खोडावर तिला खांद्याएवढ्या उंचीवर मुठीसारखी गाठ लागली.

"ह्येच!" ती ओरडली. "ह्येच माझं!"

अंधार पडल्यावर बॅटऱ्या विझवल्या आणि मी आज्जीची गोष्ट सांगितली, आज्जीच्याच आवाजात, जमेल तशी. गोष्ट संपली तरी कुणी बोललं नाही. समोरच्या झाडोऱ्यात एक ठिणगी हलली, मग दुसरी. मग फांद्यांमागून फांद्या एका लयीत उजळू लागल्या, जणू रानाच्या काळजाचा ठोका डोळ्यांना दिसावा.

एक काजवा भरकटत येऊन त्या मुलीच्या तळहातावर बसला. मी श्वास रोखला. तिने मूठ मिटली नाही. हात तसाच उघडा ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत ती आपल्या झाडापाशी गेली आणि तो तळहात त्या गाठीजवळ धरून उभी राहिली.

"ह्ये ऱ्हायलंय बघ," ती हळूच म्हणाली.