भोकाची मागची बाजू

"अरे, या दिव्याला हात लावला की मुंग्या येतात!" आईने सांगितलं आणि माझी सगळी इंजिनियरगिरी उतरली. देवघरावरचा ऍल्युमिनियमच्या चॅनेलमधला दिवा मीच बसवला होता. ८ मिमीचं भोक पाडलं, वायर ओवली, झालं काम! मेन स्विच बंद करून उघडला तर भोकाच्या आतल्या कडेला राहिलेल्या बरीने वायरचं आवरण कापलेलं. अर्थिंगही दिलं नव्हतं मी. (फर्स्ट इयरला वर्कशॉपमधे बर काढली नाही की जॉब परत यायचा. तेव्हा सरांचा राग यायचा. असो.)

शनिवारी नारायण पेठेतून चालत बोहरी आळी गाठली. दुकानदाराने दोन हत्यारं पुढे ठेवली. एक मुठीचं काउंटरसिंक. दिसायला झकास, पण ते समोरचीच कड साफ करतं. आणि ड्रिल जिकडून बाहेर पडतं तिकडेच बर जास्त उठते. चॅनेलच्या आत ते शिरणार कसं? दुसऱ्याला आकड्यासारखं वाकडं, स्वतःभोवती फिरणारं पातं. ते भोकातून आत घालून मागच्या कडेवरून फिरवता येतं. तेच घेतलं.

ऍल्युमिनियम मऊ. पहिल्यांदा जोर लावला तर पातं रुतलं आणि कडेला खाच पडली. हलक्या हाताने दोन फेरे पुरतात. साधी पट्टी असती, तर दुप्पट जाडीचा ड्रिल बिट नुसता बोटांनी फिरवूनही भागलं असतं.

नवी वायर, रबरी ग्रोमेट, अर्थिंग, सगळं केलं. तरी दिवा लावायला आई अजून मलाच हाक मारते.