मोठा डी, लहान डी

ब्रँच म्हटलं की आमच्या पिढीला बँक आठवते. भाचीच्या ऑफिसात ब्रँच म्हणजे प्रोग्रामची वेगळी काढलेली वाट. मूळ प्रोग्रामला धक्का न लावता तिथे नवं काम करायचं, जमलं की मुख्य वाटेत मिसळायचं. हा हिशोब 'गिट' ठेवतं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ साली लिहिलं.

मिसळून झालेल्या ब्रँच मात्र कुणी पुसत नाही. परवा भाची हीच साफसफाई करत होती. यादी स्क्रीनवर मावेना. मला वाटायचं, ब्रँच पुसली की काम गेलं. तसं नाही. ब्रँच म्हणजे नुसती चिठ्ठी, 'काम अमुक नोंदीपर्यंत आलंय' एवढंच सांगणारी. मुख्य वाटेत मिसळलेलं काम चिठ्ठी फाडली तरी राहतं. लहान 'डी' देऊन पुसायला सांगितलं, तर गिट आधी तपासतं आणि न मिसळलेलं काम दिसलं की चक्क नकार देतं. जबरदस्तीच करायची तर मोठा 'डी'! (आपल्या देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत ते बरंच आहे.)

गंमत म्हणजे दहा नोंदींची एक करून मिसळली असेल, तर गिटला ते ओळखू येत नाही. काम आत असूनही ते 'नाही' म्हणतं. म्हणजे शेवटी माणसानंच बघायचं.

टीमचा नियम होता, सहा महिने हात न लागलेलं सगळं पुसा. मला तो मुळीच पटला नाही. शाळेच्या दफ्तरात जनरल रजिस्टर कितीही जुनं झालं तरी जपतात, आणि रजेचे अर्ज रद्दीत जातात. ते काय वय बघून ठरतं?

एका ब्रँचवर भाची अडली. अर्जात देवनागरीत नाव लिहिता यावं म्हणून कुणीतरी सुरू केलेलं काम, अर्धवट. तो मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला, त्याचा लॅपटॉपही केव्हाच दुसऱ्याकडे. इथून पुसलं की संपलंच. मी म्हटलं, "अगं, विचार ना त्याला."

तिनं फोन लावला. तो आधी हसला. मग म्हणाला, "बाकीचं चुकलंय, टाकून दे. जोडाक्षरांचं तेवढं ठेव, त्यात माझे दोन महिने गेलेत."

तिनं त्या नोंदीवर टॅग लावला, म्हणजे कायमची खूण, आणि मग ब्रँच पुसली. टॅगला नाव काय द्यायचं यावर मात्र आमचा अर्धा तास गेला.