शनिवारवाड्यातील हाक आणि विसरलेला चापाजी

१/ आज एका भुताविषयी. आमच्या सेलूला उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की आजीची शेवटची गोष्ट ठरलेली असे : पुण्याच्या वाड्यात अमावास्येच्या रात्री एक पोरगा ओरडत धावतो, ‘काका, मला वाचवा!’ आजीने पुणे कधी पाहिले नव्हते.

२/ तो वाडा म्हणजे शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारच.

३/ ‘पोरगा’ म्हणजे नारायणराव पेशवे, वय १८. थोरले बंधू माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले आणि गादी याच्याकडे आली. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते.

४/ ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग व त्याचे गारदी आत घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेला, त्यांना बिलगला. काकांनी त्याला वाचवले नाही.

५/ आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा तुम्हांस ठाऊकच आहे. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार तिनेच दिला. परंतु रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. लोककथेने मात्र दोषाचा मोठा वाटा बाईच्या पदरी टाकला.

६/ महाविद्यालयात असताना मी वाडा प्रथम पाहिला. दिल्ली दरवाज्यातून आत शिरलो आणि थबकलो : आत वाडाच नाही! २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत महाल जळाले. उरले तट, दरवाजे, जोती, कारंजी. ज्या दालनांतून तो धावला, ती दालनेच आज नाहीत.

७/ पुढे वाचनात चापाजी टिळेकर भेटला. धन्यावर वार होताना हा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच मारला गेला. त्या दिवशी इतर सेवक आणि दासीही बळी पडल्या. त्यांची हाक कुणालाही ऐकू येत नाही.

८/ मी भुते मानत नाही. तरीही आजीच्या गोष्टीला खोटी म्हणवत नाही; निजामाच्या मुलखातल्या आमच्या गावापर्यंत तो खून तिनेच पोहोचवला, बखरींनी नव्हे. फक्त आता घरातल्या मुलांना ही गोष्ट सांगताना मी शेवटी एक वाक्य जोडतो : त्याच्या अंगावर एक माणूस आडवा पडला होता, त्याचे नाव चापाजी.