रोगराई कमी, म्हणून पसंती

परदेशी कंपन्यांना भारतात संशोधन केंद्रासाठी जागा सुचवायची, हे काम मी बरीच वर्षं केलं. त्यातला जालन्याचा अहवाल मी चुकीचा लिहिला. त्यातले आकडे बरोबर होते, पण नेमकं काय विचारलं जातंय हेच मला कळलं नव्हतं.

कंपनी युरोपातली, भाजीपाल्याच्या बियाण्यातली. टोमॅटो आणि मिरचीचे नवे वाण तयार करण्यासाठी तिला इथे स्वतःचं पैदास केंद्र काढायचं होतं. बंगळुरू आणि हैदराबाद ही नावं तिने आधीच निवडून ठेवली होती. जालन्याचं नाव मी आग्रहाने घातलं. माझं आजोळ जाफराबाद तालुक्यातलं. जालना म्हणजे बियाण्याची राजधानी, हे ऐकतच वाढलो. हे केंद्र आपल्या जिल्ह्यात यावं असं मला मनापासून वाटत होतं आणि त्या वाटण्यानेच माझी नजर अडवली.

मी तक्ता केला. जमिनीचा भाव, मजुरी, वीजदर, मागास भागासाठीच्या सरकारी सवलती, जालना रस्त्यावरच असलेला चिकलठाण्याचा विमानतळ. गुण दिले, बेरीज केली, जालना पहिलं आलं. जमेच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं: हवा कोरडी, रोगराई कमी.

कंपनीच्या पैदास विभागाच्या प्रमुख बाई ते पान वाचून थांबल्या. त्यांनी विचारलं, "रोगच येणार नसेल, तर रोगाला टिकणारं झाड मी निवडू कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोरडी हवा ही बीजोत्पादनाची गरज. फळ चांगलं पिकतं, बी नीट वाळतं, बुरशी धरत नाही, साठवण सोपी जाते. पैदास करणाऱ्याला मात्र करपा, मर, बोकड्या शेतात हमखास यायला हवेत, कारण हजार झाडांतली तगलेली चार झाडं हेच त्याचं भांडवल. आणि त्याला वर्षात जमतील तितक्या पिढ्या हव्यात. बंगळुरूच्या सौम्य हवेत टोमॅटो जवळजवळ वर्षभर घेता येतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात फूल गळतं, फळ धरत नाही. वर्षाला एक पिढी कमी पडली, तर नवा वाण बाजारात यायला काही वर्षं उशीर होतो. त्यापुढे स्वस्त जमिनीची बचत कुठेच लागत नाही.

पाण्याचंही तसंच. 2012-13 चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. शहराला टँकरचं पाणी प्यावं लागलं होतं, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी अहवालात दोन ओळींत उरकलं. याला मी आज सरळ लपवणं म्हणतो.

खरी खंत मात्र जालन्याकडे जे होतं तेच लिहिलं नाही, याची आहे. बदनापूरला परभणी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन 711 ही पांढऱ्या दाण्याची, लवकर येणारी, मर रोगाला तोंड देणारी तूर तिथलीच. तुरीवर काम करणारे लोक मर रोगाची जमीन मुद्दाम राखतात आणि त्यात वाण पारखतात. म्हणजे त्या बाईंचा प्रश्न बदनापूरच्या माणसांना पहिल्याच दिवशी कळला असता. मी रस्त्यावरून कितीदा तरी गेलो, आत गेलो नाही.

महिकोकडे तरी नीट पाहायला हवं होतं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात ती कंपनी काढली. सुरुवात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून आणलेल्या पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने 1998 मध्ये तिच्यात 26 टक्के हिस्सा घेतला, तो जालन्यात मजूर स्वस्त म्हणून नव्हे. बोंडअळीला मारणारं जनुक अमेरिकेतल्या कोकर जातीच्या कपाशीत होतं आणि ती कपाशी आपल्या काळ्या रानात उपयोगाची नव्हती. ते जनुक इथल्या संकरित वाणांच्या आईबाप ओळींत आणायचं, तर त्या ओळी आणि त्या ओळखणारी माणसं लागतात. ती महिकोकडे होती. त्यातून झालेल्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्या तंत्रज्ञानाबद्दल कुणाचं मत काहीही असो, परदेशी पैसा कशाकडे बघून आला हे त्यातून स्वच्छ दिसतं.

कायद्याच्या बाबतीतही मी कच्चा ठरलो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी कंपनीला इथलं देशी वाण संशोधनासाठी वापरायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. मी ते परिशिष्टात टाकलं होतं. संशोधन करणाऱ्यासाठी हा पहिल्या पानाचा मुद्दा आहे. महिकोच्याच बीटी वांग्याला भारतात फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती मिळाली आणि तेच तंत्रज्ञान वापरून केलेल्या वांग्याला बांगलादेशने 2013 मध्ये परवानगी दिली. स्थगिती योग्य होती की नव्हती, हा वाद मोठा आहे. पण नियमांचा अंदाज येत नसेल तर काम दुसऱ्या देशात जातं, हे उदाहरण जालन्यातच घडलेलं होतं आणि मी ते तक्त्यात बसत नाही म्हणून सोडून दिलं.

अहवालासाठी मी जाफराबाद-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या एका शेडनेटमध्ये गेलो होतो. टोमॅटोचं क्रॉसिंग चाललं होतं. कळी उमलायच्या आधी, पाकळ्या जेमतेम पिवळट झाल्या की चिमट्याने पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातल्या कडीमधले नराचे पराग त्या फुलाला लावायचे आणि खूण म्हणून हिरवी निदलं कातरायची. एक मावशी ओळीतून जाता जाता थांबल्या आणि एक धडधाकट झाड मुळासकट उपटलं. मी विचारलं, का हो मावशी? म्हणाल्या, "भेसळ हाय दादा. ह्याचा शेंडा बगा, पान बगा. ह्ये आपल्या मादीचं न्हाई." मला दोन्ही झाडं सारखीच दिसली. मी वहीत काय लिहिलं? त्यांची रोजची मजुरी. शेकडो झाडांतून वेगळं झाड हेरणारी नजर हा पैदाशीच्या कामाचा पाया आहे, आणि मी ती खर्चाच्या रकान्यात घातली.

केंद्र बंगळुरूजवळ झालं. निवड चुकली असं मी म्हणणार नाही. टोमॅटोपुरती ती बरोबरच होती. जालन्याच्या वाट्याला बीजोत्पादन आलं. आईबाप ओळींचं बियाणं नुसता सांकेतिक क्रमांक घालून येतं, तयार बी परत जातं, कोणती ओळ कशातून आली हे इथे कुणाला सांगितलं जात नाही.

कंपन्या कशा आणाव्यात हे विचारायला जिल्ह्यातली मंडळी अजूनही येतात, हातात सवलतींचं पत्रक असतं. मी त्यांना आधी बदनापूरला जायला सांगतो. आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने क्रॉसिंग करणाऱ्या या बायकांना पैदाशीच्या नोंदी ठेवायला शिकवावं, तसं प्रमाणपत्र द्यावं, यासाठी मी स्वतः अर्ज लिहून द्यायला तयार आहे. त्यांच्या पोरी शिकताहेत. जालन्यात संशोधन आलं तर त्यात मजूर म्हणून नव्हे, संशोधन सहायक म्हणून त्यांची नावं लागली पाहिजेत.