ड्रममधली बुरशी

ऊसपट्ट्यात हुमणी अळीवरच्या बैठकांमध्ये मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले: मेटारायझियम या बुरशीचं एक पाकीट आणा, २०० लिटरच्या ड्रममध्ये गुळाच्या पाण्यात सोडा, रोज काठीने ढवळा आणि आठवड्याने उसाला द्या. आता मी हे सांगत नाही. ही बुरशी शेतकऱ्याने घरी वाढवू नये, असं माझं मत झालं आहे.

ड्रमचा आग्रह उगाच नव्हता. दुकानात उन्हात पडून राहिलेल्या पाकिटात जिवंत काय उरलंय, याचा भरवसा नसतो. एका पाकिटावर अख्खं शिवार भागतं, याचंही आकर्षण होतंच.

मत फिरलं ते आगरची बशी पाहून. ड्रममधलं पाणी पातळ करून बशीत पसरलं. दोनच दिवसांत ती चकचकीत, मलईदार ठिपक्यांनी भरून गेली. ते सगळे जिवाणू आणि यीस्ट. बुरशीचा मागमूस शोधावा लागला. कारण सरळ आहे. गुळाच्या पाण्यात जिवाणू तासाभरात दुप्पट होतात. बुरशीच्या बीजाणूला नुसतं अंकुरायलाच निम्मा दिवस लागतो. दह्याचं विरजण दूध आंबट करून इतरांना थोपवतं, ती ताकद या बुरशीत नाही. शिवाय तिचे टिकाऊ बीजाणू धरतात ते हवेत, घट्ट पृष्ठभागावर. हुमणीच्या कातडीला चिकटून आत घुसतात ते हेच बीजाणू. ते पुरेसे नसतील, तर अळी मुळं खातच राहते.

प्रयोगशाळेत तांदळाची कणी भिजवून पिशव्यांत भरतात, तोंडाला कापसाचा बोळा लावतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला निर्जंतुक करतात. थंड झाल्यावर शुद्ध कल्चर घालतात. २५ ते २८ अंशांत दोनेक आठवड्यांत कणीवर आधी पांढरा कापूस धरतो, मग तो गर्द हिरवा होतो. कोपऱ्यात काळा ठिपका दिसला, तरी ती पिशवी बाद. ही शिस्त ड्रमला कशी येणार?

ही शिस्त नवी नाही. शास्त्रज्ञ मेचनिकोव्हला १८७९ मध्ये ओडेसाजवळ गव्हाच्या भुंगेऱ्यावर ही बुरशी सापडली. पुढे १८८४ मध्ये युक्रेनमधल्याच स्मेला इथे साखरबीटच्या सोंडकिड्यासाठी तिच्या उत्पादनाची वेगळी सोय उभी करण्यात आली. तेव्हाही ते काम शेतकऱ्याच्या अंगणावर सोपवलं नव्हतं.

स्वावलंबन मला आजही हवंच आहे, पण ते ड्रममध्ये नाही. ऊस घालता त्या कारखान्याच्या सभेत उभे राहा आणि प्रयोगशाळा मागा. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत बीजाणूंची हमी मागा. ताजं पाकीट हाती आलं की चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाऊस सुरू झाल्यावर ओल्या सरीत मुळांशी द्या. ढवळायची काठी ठेवून द्या.