यक्षाची मसलत

इंग्लंडात बाळाचं नाव आल्फ्रेड ठेवतात, लाडानं आल्फी म्हणतात, तेव्हा अकराशे वर्षांहून जुनं एक मागणं त्या घरात उच्चारलं जातं. जुन्या इंग्रजीत 'आल्फ' म्हणजे माणसाच्या नजरेआड वावरणारी देखणी योनी आणि 'रेड' म्हणजे मसलत. आपला यक्ष आठवावा: रूपवान, जाणता आणि कोपिष्ट. त्या काळच्या वैद्यकाच्या पोथ्यांत आल्फांच्या बाणांनी जडणाऱ्या दुखण्यांवर उतारे सांगितले आहेत. रूपवती स्त्रीला मात्र 'आल्फासारखी तेजस्वी' म्हणत. ज्याचं भय वाटतं त्याच्याचकडे लेकरासाठी शहाणपण मागायचं, हे मला फार धीट वाटतं.

वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याची इतर मुलं एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड. एथेल म्हणजे कुलीन. 849च्या सुमारास जन्मलेला धाकटा तेवढा आल्फ्रेड. 878 साली डेन लोकांनी त्याला अथेल्नीच्या दलदलीत लपायला लावलं. त्याच वर्षी एडिंग्टनला त्यानं त्यांना हरवलं, आणि शरण आलेल्या त्यांच्या राजाचा, गुथ्रुमचा, तो धर्मपिता झाला. तरी या नावाचं चीज झालं ते पुढं. लॅटिन जाणणारे फारसे उरले नाहीत याची त्याला खंत होती. विद्वानांना हाताशी धरून त्यानं पोप ग्रेगरीचा ग्रंथ लोकांच्या भाषेत आणला आणि बिशपांकडे प्रती धाडल्या. प्रजेला याहून मोलाची मसलत कुठला राजा देणार?

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांची विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावं रुळली. जुनी बहुतेक विझली. आल्फ्रेड कसंबसं तगलं. मग अठराव्या शतकात त्याला पुन्हा मान आला. 'रूल, ब्रिटानिया' हे ब्रिटनचं गौरवगीत 1740च्या 'आल्फ्रेड' या संगीतनाट्यातलं. आक्रमकांशी झुंजलेल्या राजाचं नाव साम्राज्याच्या मिरवणुकीत आलं, याचं मला वाईट वाटतं.

व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आल्फ्रेड 1870 साली भारतात होता. त्या भेटीची आठवण म्हणून अलाहाबादेत आल्फ्रेड पार्क झालं. 27 फेब्रुवारी 1931 रोजी तिथंच पोलिसांशी लढताना चंद्रशेखर आझादांनी देह ठेवला. 'आझाद' हे नाव त्यांनी कोवळ्या वयात, न्यायाधीशासमोर, स्वतःच स्वतःला दिलं होतं. आज ती बाग त्याच नावानं ओळखली जाते.