गीझर कधी बदलायचा?

दुकानदार म्हणतो, "दहा वर्षं झाली ना, काढून टाका." आई म्हणते, "चालतोय तोवर चालू दे." मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर.

त्यात आम्ही राहतो उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये. फाळणीनंतर लष्करी बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे गाव. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद तुम्हाला माहीत असेलच! इथे कुठलीही वस्तू सहजासहजी मरत नाही. पंखा, मिक्सर, इस्त्री, सगळ्याला कोणीतरी डॉक्टर सापडतोच. अशा गावात चालती वस्तू टाकायची म्हणजे पापच.

आमचा पंधरा लिटरचा गीझर बाबांनी घेतलेला. त्याची कॉइल दोनदा बदलली, थर्मोस्टॅट एकदा. त्यात काही बिघडलं नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सुटे भाग. गेले की नवे टाकायचे. पाणी उशिरा तापतंय म्हणूनही लगेच गीझरला दोष देऊ नये. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॉटच्या कॉइलला साधारण १८-२० मिनिटं लागतात. पण व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरलं, तर तीच कॉइल साठ टक्केच ताकद लावते आणि अर्धा तास घेते.

टाकीचं मात्र वेगळं. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. ती संपली की गंज टाकीला लागतो, आणि गळक्या टाकीला औषध नाही.

या जानेवारीत आई सहज बोलून गेली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात. जरासंच." जरासंच! ओल्या फरशीवर, अनवाणी, वयाच्या पंच्याहत्तरीत! इलेक्ट्रिशियनने कव्हर काढलं, तर टाकीच्या जोडातून पाणी झिरपून वायरींवर येत होतं आणि अर्थिंगची वायर तुटलेली. एमसीबी अशा वेळी पडेलच असं नाही. तो ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि तो आमच्याकडे नव्हता.

"एम-सील लावून बघ ना," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "यांनी घेतलेला होता रे." खरी अडचण ती होती. मी म्हटलं, "बाबांनी तो तुला गरम पाणी मिळावं म्हणून घेतला होता. शॉक बसावा म्हणून नाही." त्यावर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याशी घासाघीस तिनेच केली :)

नवा गीझर लागला, अर्थिंग नीट झालं, आरसीसीबी बसला.

असो. तर मंडळी, सुटा भाग गेला तर दुरुस्त करा, टाकी गळली तर बदला. आणि घरात कोणी "जरासंच" म्हणालं, तर आधी मेन स्विच बंद करा, चर्चा नंतर.